लुझीयाचा हात

एरोतिल्देस तापट बाई आहे, असं अख्खं गाव म्हणतं. गाव खोटं बोलत नाही, पण ती कशावर तापते हे मात्र गाव सोयीने विसरतं.

सातव्या वर्षी ती आईशेजारी मडकी घोटायला बसली, आज त्रेसष्टची आहे. आमच्या बाहिया प्रांतातल्या या खाडीकाठच्या गावात चाकावर पुरुष बसतात आणि घोटायचं काम बायकांचं. अर्धवट सुकलेल्या मडक्यावर नदीतला गुळगुळीत गोटा फिरवत राहायचं, ते चमकेपर्यंत. मडक्याच्या बुडाशी नाव कोरतात ते चाकावरच्या पुरुषाचं. छप्पन्न वर्षं तिने दुसऱ्यांची नावं चमकवली. "तुझं नाव कशाला हवंय तिथे?" असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा तिने त्याच्याच हातातलं मडकं घेऊन आपटलं होतं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं, की उसाच्या जुन्या घाण्यासमोरच्या चौकात तिथे राबून मेलेल्या गुलामांचे मातीचे पुतळे बसवायचे. घाण्याचं आता हॉटेल झालंय, शहरातले लोक तिथे लग्नं लावतात. मालकाच्या जुन्या यादीत एक्केचाळीस नावं सापडली, बैल आणि तांब्याच्या कढया यांच्या मधोमध लिहिलेली. यादी शाळेत ठेवली होती, एरोतिल्देसने तिथे जाऊन ती स्वतः वाचली. एकोणिसाव्या नावावर तिचं बोट थांबलं. "लुझीया, एका हाताची."

तो हात कुठे गेला हे तिला कुणी सांगायला नको होतं. आजी सांगायची. चरकात उसाबरोबर हात ओढला गेला तर चरक थांबवत नसत, म्हणून बाजूलाच कुऱ्हाड टांगलेली असे. हात तोडायचा आणि रस काढणं चालू ठेवायचं. ती कुऱ्हाड आता हॉटेलच्या जेवणघरात भिंतीवर आहे, वर छान पिवळा दिवा लावलाय. वऱ्हाडी तिच्याखाली उभे राहून दात काढत फोटो काढतात.

पुतळ्यांना चाक लागत नाही, म्हणून ते काम तिने नगरपालिकेकडून मागून घेतलं आणि एक्केचाळीस पुतळे आठ महिन्यांत हाताने घडवले. लुझीयाचा उजवा हात कोपराखाली संपवला आणि तो थोटा भाग तीन दिवस घोटत बसली.

भट्टी लागायच्या आधी नगरपालिकेचे सांस्कृतिक अधिकारी लिझांद्रो बघायला आले.

"बाई, ही एक अर्धवट राहिली की!"

"पुरी आहे. मालकाने तिला असंच ठेवलं होतं."

"अहो, समोरून वराती जाणार, लहान मुलं येणार. जरा प्रसन्न काहीतरी करा ना."

"तुमचा हात घालू का चरकात? मग बघू साहेब किती प्रसन्न राहतात ते."

शेजारी बसलेली तिची नणंद ओनोरिना हातातला गोटा टाकून ओरडली, "वहिनी, जीभ आवर गं! साहेब आहेत ते!"

"साहेब आहेत म्हणून तर सांगतेय. आपल्याला माहीतच आहे."

साहेब हसले आणि निघून गेले. ते हसले तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी बँड वाजला, पुतळ्यांवरची कापडं ओढली गेली, आणि लुझीयाला उजवा हात होता. प्लास्टरचा, मातीसारखाच तांबडा रंगवलेला. हातात तबक, तबकात खोबऱ्याच्या वड्या. ज्या साखरेने तिचा हात खाल्ला, तीच साखर त्या हलकटांनी तिला वाढायला लावली होती! वरून टाळ्याही वाजत होत्या.

"वहिनी, नको," ओनोरिनाने तिचं मनगट धरलं.

एरोतिल्देसने मनगट सोडवून घेतलं. भाजलेल्या मातीला मागाहून चिकटवलेलं काही धरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, अधिकाऱ्यांना नसतं. तिने एक पीळ दिला आणि हात निखळला. तबक फरशीवर फुटलं. बँड आपोआप थांबला. तिने कमरेचा गोटा काढला आणि थोट्या हातावरचा चिकटा घासून काढू लागली. पुन्हा लकाकी आल्यावरच ती वळली. प्लास्टरचा हात तिने लिझांद्रोंच्या हातात कोंबला.

"हा तुमचा. घरी न्या. तिचा कुठे गेला ते जेवणघरात टांगलंय, दिवा लावून. जा, काढा फोटो!"

ओनोरिना एकटीच हॉटेलच्या पायऱ्या चढू लागली.

"तू कुठे निघालीस गं?" एरोतिल्देसने विचारलं.

"कुऱ्हाड उतरवायला," ओनोरिना मागे न बघता म्हणाली. "इथे ठेवू, लुझीयाशेजारी. म्हणजे पुन्हा कुणी हात चिकटवायचं नाव काढणार नाही."