भिंगरीचे मणी

आमच्या समोरच्या दारातल्या रसायनवालीला मी भिंगरी म्हणते, तेही तोंडावर. ती रागावत नाही, कारण रागवायलाही जरा थांबावं लागतं. तिचा नवरा सांगतो, हिच्याशी भांडायचं तर मागे मागे चालत भांडावं लागतं, आणि दम लागला की आपणच माघार घ्यायची.

तिचं काम काय, हे तिने मला जिना उतरता उतरता समजावलं. औषधाचे दोन कच्चे पदार्थ आपसांत जुळायला तयार नसतात. तिसरा एक पदार्थ मध्ये पडून त्यांचं जुळवून देतो. पण काम झालं तरी हा मध्यस्थ हलत नाही, तयार मालात पाय पसरून बसतो. मग त्याला काढायला धुवा, गाळा, पुन्हा धुवा. एवढा धीर भिंगरीला कुठला? तिने मध्यस्थाला प्लास्टिकच्या बारीक मण्यांना बांधूनच टाकलं. काम झालं की गाळणीत ओतायचं. मणी वर, स्वच्छ माल खाली. म्हणजे कंटाळा आला म्हणून शोध लावलास, असं मी म्हणेपर्यंत बाई खालच्या मजल्यावर.

परवा त्या मण्यांची परीक्षा होती. कारखान्याचे साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर काम पुढे, नाहीतर तिची प्रयोगशाळा बंद आणि हिच्या नशिबी पुन्हा धुणं-गाळणं. सकाळपासून भांडं यंत्रावर पाळण्यासारखं हळूहळू झुलत होतं. मणी नाजूक, ते तसेच हलवायचे असतात. पण हिला वाटलं, या गतीने साहेब येईपर्यंत काम व्हायचं नाही. तिने भांड्यात चुंबकाची कांडी टाकली आणि ती गरागरा फिरवली. मण्यांचं पीठ झालं. साहेबांसमोर गाळायला घेतलं, तर खाली दुधासारखं गढूळ पाणी आणि वर तुंबलेली गाळणी.

तिच्या वरिष्ठांनी लगेच गाळणीच्या नावाने खडे फोडले. ही म्हणाली, "गाळणी बरी आहे. घाई मी केली. मणी दळले गेले."

साहेब हसले नाहीत. "आमची भांडी खोलीएवढी असतात, बाई. आत लोखंडी पाती फिरतात. तिथे कसे टिकतील हे?"

नेमका हाच प्रश्न ती इतके दिवस टाळत होती. हे मला सांगताना ती आमच्या ओट्यावरचे डबे उगाच इकडचे तिकडे करत होती. खुर्ची मी दिली होती, ती रिकामीच.

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, मणी हलवायचेच कशाला? नळीत भरून ठेवू. ते जागेवर राहतील, द्रव त्यांच्यातून जाईल."

आणि तिथल्या तिथे बरणीतले ताजे मणी काचेच्या नळीत भरून तिने करून दाखवलं. थेंब स्वच्छ पडले, पण इतके सावकाश की साहेबांचा चहा निवला. निघताना त्यांनी कारखान्यातला एक कोपरा देऊ केला. तिथे मोठी नळी लावून दाखवा, मग बोलू, म्हणाले. म्हणजे प्रयोगशाळा बंद नाही, आणि चालू आहे असंही नाही.

तेव्हापासून नळी किती जाड घ्यावी, मणी फुगून ती तुंबली तर काय करावं, हे ती नवऱ्याला विचारते, मला विचारते. मी म्हटलं, "अगं, होईल सगळं नीट."

"कशावरून?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. खरंच उभी राहिली. मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं, पण तिच्याकडे बघून मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "बस, त्या नळीचं पहिल्यापासून सांग."