सतराव्या दिवसाची अंडी

शिवकन्या धाराशिवच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते. वय छत्तीस. बोलणं मोजकं, आणि हाती घेतलेलं यंत्र चालू केल्याशिवाय जेवायचं नाही असा स्वभाव.

तिचा मावसभाऊ रणधीर याची भूमला हॅचरी आहे. गेल्या वर्षी त्याच्या उबवणयंत्रातली मुख्य चिप जळाली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, तशी चिप कुठं मिळेना. तेव्हा शिवकन्येनं एफपीजीए आणली, म्हणजे जिच्यातलं सर्किट आपण लिहून बदलू शकतो अशी चिप. जुन्या चिपचं काम तर तिनं त्यात लिहिलंच, शिवाय एक छोटा प्रोसेसरही लिहून उभा केला आणि त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चालवली. पंखे, हीटर, ओलावा सगळं तेच बघू लागलं. आठ महिने तक्रार नव्हती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती एसटीनं भूमला आली, खालच्या ट्रेला एक जादा तापमापक जोडायला. यंत्रात दोन हजार चारशे अंडी होती, सतराव्या दिवसाची. या दिवसांत आतली पिल्लं स्वतःच ऊब सोडू लागतात. पंखे थांबले तर ती त्याच उबेनं मरतात.

"पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिनं नवं सर्किट चढवलं. लॅपटॉपवर चार ओळी आल्या, लिनक्स सुरू होत असल्याचं दिसलं आणि पडदा गप्प झाला. पंखे फिरेनात.

तिनं बंद-चालू केलं. पुन्हा तेच.

"जुनंच टाक की परत," रणधीर म्हणाला.

"ते लॅबच्या कॉम्प्युटरवर राहिलंय, दादा."

"मग फोन कर कुणाला."

"लॅबला कुलूप आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये."

"शाब्बास! पंखे डायरेक्ट लाइनीवर टाकू का?"

"चोवीस व्होल्टचे आहेत. जळून जातील."

वरच्या ट्रेजवळच्या तापमापकाचा काटा साडेसदतीसवर असायला हवा, तो अडतीस पॉइंट तीनवर गेला. हॅचरीत कामाला असलेल्या लक्ष्मीबाई मावशींनी यंत्राचं दार सताड उघडलं आणि पुठ्ठा घेऊन वारा घालू लागल्या. "लई वाफ मारतीया गं आतनं," त्या म्हणाल्या.

"मेलंय हे," शिवकन्या पुटपुटली. प्रोसेसर बिघडला की लिनक्स? कुठून शोधायचं? अडतीस पॉइंट आठ.

"मेलंय म्हणतीस," मावशी वारा घालता घालता म्हणाल्या, "आन् ह्यो हिरवा दिवा कशाला लुकलुकतोय?"

शिवकन्येनं वर पाहिलं. तो दिवा सर्किट लावत नव्हतं. लिनक्स लावत होतं. म्हणजे लिनक्स जिवंत होतं. बोलत होतं, पण भलत्याच पत्त्यावर. आता तिला उमगलं. नवा तापमापक घालताना दिवा सोडून चिपमधल्या बाकीच्या भागांचे पत्ते सरकले होते. कुठला भाग कुठं आहे हे लिनक्सला सांगणारी यादी मात्र जुनीच राहिली होती. दर वेळी ती दोन्ही बरोबर बदलायची. काल घाईत एकच बदललं.

तिनं यादी उघडली. पडद्याचा पत्ता, पंख्यांचा पत्ता, ओलाव्याचा पत्ता. पुन्हा चूक नको म्हणून एकेक आकडा ती मोठ्यानं वाचून लिहू लागली. रणधीर नव्या सर्किटमधल्या पत्त्यांशी ताडून "व्हय, व्हय" म्हणत होता. एकोणचाळीस पॉइंट दोन.

केबलमधून यादी पोहोचायला दीड मिनिट लागलं. मावशींचा पुठ्ठा हलतच होता. मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि पंखे घरघरले.

दहा एक्केचाळीस.

"दादा, चूक माझी होती," ती म्हणाली. "यंत्राची नाही."

"आधी पिल्लं निघू दे," रणधीर म्हणाला, "मग भांडतो."

ती रजा टाकून भूमलाच राहिली. सोमवारी पिल्लं निघाली. वरच्या दोन ट्रेमधली बरीचशी अंडी फुटलीच नाहीत. खालची जवळजवळ सगळी फुटली. न फुटलेली अंडी शिवकन्येनं स्वतः वेचली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रणधीर दारात उभा राहून पाहत होता. भांडायचं त्यानं काही काढलं नाही.