धाकट्या जावेची बाजू

कुवेंपुनगरातल्या आमच्या वाचनमंडळाची एक रीत आहे. कादंबरीतल्या एकेका पात्राची बाजू एकेकाने घ्यायची. माझी बायको नेहमी लवकर मरून जाणाऱ्या पात्राची बाजू घेई. मी पुण्याहून आलेला, ती इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिचं वाक्य कानडी ‘अल्वा?’ने संपायचं, म्हणजे ‘हो ना?’

ती गेल्यावरही मी मंडळात जात होतो, पण बोलत नव्हतो. अलीकडे तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता आणि त्याची फार भीती वाटत होती.

गेल्या रविवारी एका जुन्या कादंबरीवर चर्चा होती. तिच्यातली धाकटी जाऊ सुरुवातीलाच मरते. मंडळातले निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, “तिचं काम तिथंच संपतं. पुढे लेखक तिचं नावही काढत नाही.”

“नाव काढत नाही, पण तिची खोली कुणी उघडतं का?” मी म्हणालो. “घरातले सगळे त्या दारासमोरून हळू चालतात. पुढची सगळी गोष्ट तीच चालवते, अल्वा?”

मॅनेजर सवयीने वैतागले. “वहिनी, तुम्ही नेहमी मेलेल्यांचीच वकिली करता.”

कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना हातानेच थांबवलं आणि बोलत राहिलो. उरलेली प्रकरणं संपेपर्यंत तरी मला तो आवाज सोडायचा नव्हता.