गोजाबाईंचा वाडा

परातीतली भाकरी अर्धी थापून झाली होती, तेवढ्यात सून सोनम पत्र हलवत दारातून आत आली.

"आत्ती, सुनावणीचं आलं की!"

"वाच तर. काय म्हंत्यात?" गोजाबाईंचे हात पिठातच थांबले.

'जागेची पाहणी केली असता तेथे कोणताही वाडा आढळून आला नाही. पुरावा असल्यास सुनावणीस सोबत आणावा.'

गोजाबाईंनी पिठाचे हात झटकले. "मेंढरं करकंबाकडं उसाच्या रानात गेल्यावर हितं वाडा कसा दिसंल, गं?"

महिन्यामागं दोघी महापालिकेत जाऊन शहराचा नवा विकास आराखडा बघून आल्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठं, बाग कुठं, बाजार कुठं, हे त्यात ठरायचं होतं. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लिहून द्यायची होती. भिंतभर नकाशा पाहून गोजाबाईंनी नकळत चपला दाराबाहेर काढल्या. अख्खं सोलापूर एका कागदावर! तळी, देवळं, त्यांच्या वस्तीची बोळसुद्धा. वरून बघणाऱ्या देवाला आपण असेच दिसत असू, असं वाटून त्यांनी हात जोडले.

मग सोनमनं बोट ठेवून दाखवलं. वळसंगच्या बाजूचं त्यांचं गायरान जांभळं रंगवलं होतं. रिकामी जागा, तिथं ट्रकांचा तळ होणार. पावसाळ्याचे चार महिने मेंढरं तिथंच बसायची. ती जागा गेली की कळप विकण्यावाचून गत नव्हती. गोजाबाईंनी सांगितलं तसं सोनमनं हरकतीत लिहिलं, 'तेथे आमचा वाडा आहे.'

शेजारचे चनबसप्पा तेव्हा हसले होते. "अक्का, साहेबानं मारलेली रेघ पुसती व्हय कुटं? तुज्या मेंढरांनी कागूद खाल्ला तरच!"

"आमी सांगिटलंच न्हाय, तर त्येनला तरी कसं कळावं, अण्णा?"

सुनावणीला गोजाबाई डोक्यावर मोठं गाठोडं घेऊन गेल्या. बाकीच्यांच्या हातात कागदांच्या फायली. नाव पुकारल्यावर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आजी, वाडा किती मजली होता? घरपट्टीची पावती, जुना फोटो, काही पुरावा?"

"पुरावा कशाला? वाडाच आनलाय की."

त्यांनी गाठ सोडली. आतून निघाली वाघर, मेंढरांभोवती लावायची सुताची जाळी. नवी कळपासोबत गेलेली, ही माळ्यावरची जुनी. सोनम एक टोक धरून मागं सरकत गेली, सरकत गेली, पार दारापर्यंत. लोकांनी पाय वर घेतले, खुर्च्या हलवल्या. खोलीभर लोकरीचा वास पसरला.

"साहेब, ह्येच्या मदी दोनशे मेंढरं बसत्यात. आमी ह्यालाच वाडा म्हंतो. ज्येष्ठात लागतो, दिवाळी झाली की गुंडाळून वाटंला लागतो. तुमची मान्सं माघात आली. त्येंची काय चूक?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. "मी माणसं चिरेबंदी वाडा शोधायला पाठवली होती," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. मग उठले आणि जाळीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं वळसा घालून भिंतीवरच्या नकाशापाशी आले.

खिशातली शिसपेन्सिल काढून त्यांनी जांभळ्या तुकड्यावर बारीक अक्षरांत काही लिहिलं. सोनमनं वाकून वाचलं, "मेंढ्यांचा वाडा. ज्येष्ठ ते दिवाळी."

एवढ्या मोठ्या शहराच्या कागदावर, देवळांच्या आणि तळ्यांच्या रांगेत, गोजाबाईंच्या तोंडचा शब्द बसला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्या अक्षरांकडं त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. बिरुदेवाच्या गाभाऱ्यात उभ्या राहतात, तशाच.

"मी शिफारस करतो," साहेब म्हणाले. "ट्रकतळ रस्त्यापलीकडं नेता येईल. पण अंतिम निर्णय वरून होतो, आजी. आणि ही जागा गायरान असल्याचा सातबारा सोमवारच्या आत जोडावा लागेल."

"जोडतो की."

दोघींनी वाघर पुन्हा घडी घालून बांधली. बाहेर उन्हात आल्यावर सोनमनं विचारलं, "आत्ती, आता घरी?"

"घरी न्हाय. तलाठ्याकडं. गायरानाचा उतारा आनायचा."