फ्रिजमधला जर्दाळू

जर्दाळूचं झाड मी फ्रिजमध्ये ठेवलं. फळ नव्हे, झाड. कुंडीसकट.

झाड म्हणजे हातभर रोपच. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी जर्दाळूची बी ओल्या टिशूत गुंडाळून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवली होती, तेव्हा कुठे ती रुजली. पुढे लेक पुण्याला कॉलेजात गेली, सोबत तिची आईही गेली. इकडे आखातात, अल मजाजमधल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रोप आणि मी उरलो.

रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. "हाऊ इज द प्लान्ट, बाबा?" मी दहा मिनिटं पानांवर बोलायचो. मग ती म्हणायची, "ओके, आईला देते." आठवड्यातली ती दहा मिनिटं रोपाच्या जिवावर चालली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पानं मलूल दिसताच मी फोटो घेऊन रोल्लाच्या बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा पठाण. हसला. "साब, ये हमारे पहाड़ का बच्चा है. ठंड में इसका पत्ता गिरेगा, ये सोएगा, फिर फूल देगा. इधर सर्दी किधर है?"

किधर म्हणजे? घरात होती की! एकट्या माणसाचा फ्रिज तसाही रिकामाच. दोन कप्पे काढले, कुंडी आत. दार उघडलं की दिवा लागून त्याची झोप मोडेल म्हणून बल्बही काढला. अंधारात चाचपडत एकदा चहात दुधाऐवजी ताक ओतलं. दहाव्या दिवशी सगळी पानं गळली, तेव्हा आनंदाने एकट्यापुरता शिरा केला.

जानेवारीअखेर कुंडी बाल्कनीत आली. दर रविवारी मी सांगायचो, "झोपलंय अजून." मार्चमध्ये लेक म्हणाली, "बाबा, नखाने साल खरवड. कॅमेरा जवळ घे."

खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. काडी कटकन मोडली.

"इट्स डेड, बाबा. कधीचंच."

"हरकत नाही," मी घाईघाईने म्हणालो, "उद्याच रोल्लाला जातो, नवीन बी आणतो, टिशूत गुंडाळतो, दोन महिन्यांत तुला कोंब..."

"बाबा, स्टॉप. प्लान्टचं मी विचारायचे, कारण तू दुसरं काही बोलतच नाहीस. यू आर सो बोरिंग."