सामाईक भिंत
भाजणीच्या चकलीचा वास आला की मला इथल्या, परदेशातल्या पेंडल हिलच्या आमच्या ड्युप्लेक्सची, म्हणजे जोडघराची, सामाईक भिंत आठवते. गुडघ्यांमुळे आईला जिना चढवत नाही, म्हणून ती पुण्याहून कायमची येण्याआधी त्या भिंतीला लागून खाली एक खोली वाढवायची होती आणि त्याला शेजाऱ्यांची लेखी संमती लागत होती. शेजारी म्हणजे पुण्याचेच एक काका. ऐन दिवाळीत मी चकल्यांचा डबा आणि प्लॅन घेऊन त्यांच्याकडे गेलो. चकली मोडत काका म्हणाले, “अरे, आपल्या माणसांत सही कसली मागतोस? कर सुरू बिनधास्त.” मीच ओशाळलो आणि पेन खिशात ठेवलं. पाया खणून झाला आणि त्यांच्या वकिलाची नोटीस आली, की संमती दिलेली नाही, काम थांबवा. त्याच संध्याकाळी आमचा डबा परत आला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून. ही रीत मात्र बरी आठवली त्यांना. खोली झालीच नाही. आता आई कठडा धरून एकेक पायरी चढते, आणि चकली तळायला घेतली की म्हणते, “शेजारी चार देऊन ये, आपलीच माणसं आहेत.” मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो.