मुळांचं शूटिंग

"लग्नाचं न्हाय, मुळांचं शूटिंग करायचंय," असं म्हणत हौसाअक्कानं टोमॅटोच्या रोपांचा ट्रे माझ्या काउंटरवर आदळला आणि त्यातलं पाणी गळून कुणाच्या तरी साखरपुड्याच्या अल्बमवर पडलं. ती आमची पहिली भेट.

बारामतीत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. आषाढ चालू होता. लग्नं बंद, कॅमेरा कपाटात आणि मी खुर्चीत. मी म्हटलं, "करू की. ट्रे उन्हात ठेवा, पाच मिनिटांचं काम."

"वरचं कोण मागतंय? खालचं पायजे. मातीच्या आतलं."

"मातीच्या आत कॅमेरा कसा जाईल, अक्का?"

"मग चित्रं काढा आन् हलवा. पोरांच्या टीव्हीत उंदीर पळतोय, मग माझी मुळी का पळणार न्हाय?"

मी कपाटातला कॅमेरा बाहेर काढला.

अक्का सांगवीची. सासरी पूर्वी मेंढरं होती, मग कालव्याचं पाणी आलं आणि घर उसाला लागलं. नवरा एमआयडीसीतल्या दूध डेअरीचा टँकर चालवायचा, अबोल माणूस. कारभार थोरल्या दिरांचा. त्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. कालव्याकडेच्या दहा गुंठ्यांत अक्कानं हिरवी जाळी उभारून भाजीच्या रोपांची रोपवाटिका घातली होती. आबांनी बजावलं होतं, "दिवाळीपतोर बघ. गिऱ्हाईक आलं तर ठीक, न्हायतर तितं ऊस लागणार."

आणि गिऱ्हाईक येत नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. रोप विकत घ्यायचं असतं, हेच लोकांना पटत नव्हतं. जो तो घरच्या वाफ्यात बी टाकायचा, रोपं मुठीनं उपटायचा आणि शेतात लावायचा. त्यात मुळ्या तुटायच्या, निम्मी रोपं माना टाकायची. ट्रेमधलं रोप मात्र आपापल्या खळग्यात वाढतं आणि मातीच्या गड्ड्यासकट अलगद निघतं. अक्का हे सांगून सांगून दमली होती. "त्येंना पानं दिसत्यात, मुळी दिसत न्हाय," ती म्हणायची. "न दिसणाऱ्या गोष्टीचं भांडण तोंडानं जिंकता येत न्हाय. दावावं लागतं."

मग आम्ही दाखवायला बसलो. छापखान्यातून नासक्या लग्नपत्रिका आणल्या, कारण तो कागद जाड. त्यातून अक्कानं मुळ्या कापल्या, पानं कापली, माणसं कापली. प्रत्येक माणसाच्या पाठीवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापलेलं. टेबलावर चित्र मांडायचं, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, लगेच सोडायचं, मुळी तीळभर सरकवायची, पुन्हा बटण. मुळ्या झटके देत पळायच्या, पण पळायच्या! पहिल्यांदा ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

त्या फिल्ममध्ये एक बाई होती, मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा रोपं लावणारी. त्याला नांग्या भरणं म्हणतात, आणि ते वाकून करावं लागतं. कागदाची बाई एकदा कमरेत दुमडली ती पुन्हा सरळ होईना. मी दुसरी कापायला घेतली. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमची पण व्हत न्हाय."

आवाज पुरुषाचा घ्यावा, असं मी सुचवलं. शेतीचं बाईच्या तोंडून लोक ऐकत नाहीत, असा माझा शहाणपणा. ती म्हणाली, "रोपं लावतंय कोण? नांग्या भरतंय कोण? मग बोलंल कोण?" मी माईक पुढे केला. तिनं माईक हातात घेतला आणि ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी अशा आवाजात बोलली, "मुठीनं उपाटलं, मुळी तुटली! तुटल्या मुळीनं पानी प्यायचं कसं?"

मुठीनं उपटणारा एक शेतकरी हवा होता. अक्कानं तो कापला, डोक्याला फेटा दिला आणि घोंगड्याची काळी लोकर चिकटवून त्याला भरघोस मिशी लावली. सगळा घोळ त्या मिशीनं केला.

केबलवाल्यानं संध्याकाळच्या पिक्चरआधी फिल्म लावली आणि दुसऱ्या दिवशी सांगवीच्या पारावर हसून हसून लोकांची पोटं दुखली. तशी मिशी पंचक्रोशीत एकाच माणसाला होती. "काय आबा, काल टीव्हीवर रोपं उपटत होता म्हणं?" आबांनी स्वतः फिल्म पाहिली नाही, बघणं हाच त्यांना कमीपणा वाटला. पण केबलवाल्याला निरोप गेला आणि फिल्म बंद झाली. घरात फर्मान सुटलं: मिशी काढ, नाहीतर जागा सोड.

मी अक्काला समजावलं. "मिशी तेवढी काढू. अर्ध्या तासाचं काम. दहा गुंठे वाचतील."

"मिशी काढली तर उपटणारा कोण? मुळी आपसूक तुटली का?"

"अहो, पण घरातलंच माणूस..."

"म्हणूनच! म्या शेतकरी काढाय बसले, तर हाताला त्योच सापडला. पंधरा वर्सं त्येंनी उपटलं आन् नांग्या म्या भरल्या. चूक दावायची आन् करणारा झाकायचा, तर फिल्म कशापायी? मिशी ऱ्हाणार."

तिचा पदर कपाळापर्यंत असायचा. आबांचं नावसुद्धा ती घेत नसे, 'त्ये' म्हणायची. मोठ्या आवाजात भांडताना मी तिला कधी पाहिलं नाही. पण 'ऱ्हाणार' म्हणाली की राहायचंच.

केबल गेली तर बाजार होता. माझा जुना टीव्ही, व्हीसीआर आणि लग्नातला जनरेटर टेम्पोत घालून आम्ही इंदापूरच्या आठवडे बाजारात गेलो. टेम्पो नवऱ्यानं चालवला. बोलला काहीच नाही, पण चालवला त्यानंच. भर उन्हात टीव्हीवर काही म्हणजे काही दिसेना. मी हातपाय गाळले. अक्कानं टेम्पोतलं घोंगडं काढलं, टीव्हीवर टाकलं आणि समोरच्या बाईला म्हणाली, "घाल मुंडकं आत."

ती बाई आत गेली. थोड्या वेळानं आतून हसू आलं, मग ओरडणं, "व्हय गं बया, ही वाकल्याली तर मीच हाय!" मग काय, बायांची रीघ लागली. एका वेळी दोन-तीन डोकी घोंगड्यात. बाहेर आल्या की अक्का ट्रेतलं रोप गड्ड्यासकट काढून हातावर ठेवायची. नवरे लांब उभे राहून तंबाखू मळत होते. एकीनं तिथूनच आपल्या नवऱ्याला सुनावलं, "औंदा रोपं हितनंच आणायची. न्हायतर नांग्या तुमी भरा!" रोपांची मागणी तिथं सुरू झाली आणि पुढच्या बाजारी वाढली.

गिऱ्हाईक आलं, तरी दिवाळीत आबांनी त्या दहा गुंठ्यांत नांगर घातला. गिऱ्हाइकाची अट पुरी झाली होती, मिशीची नव्हती. मला त्या दिवशी आबांचा मनापासून राग आला, आजही येतो. अक्का बांधावर उभी राहून जाळी गुंडाळत होती. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो, तर म्हणाली, "रडायला काय झालं? ट्रेतलं रोप हाय म्या. हितनं काढलं, तितं लावलं." इंदापूरच्या त्याच हसणाऱ्या बाईनं विहिरीजवळचा तुकडा खंडानं दिला. अक्काची रोपवाटिका तिथं उभी राहिली आणि वाढत गेली.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तिची आठवण येते ती एका दुपारची.

मी काही कामाशिवाय, सहज तिच्या रोपवाटिकेत गेलो होतो. तिचा तिथं नियम होता, नवीन गिऱ्हाइकानं आधी घोंगड्यात डोकं घालून फिल्म बघायची, मग रोपं. तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि आबा उतरले. उसात एक पट्टा टोमॅटो करायचा होता, रोपं पाहिजे होती. अक्कानं पदर सारखा केला, पाणी दिलं, वाकून नमस्कार केला. मग म्हणाली, "आदी आत जावं लागतंय."

"म्या? घोंगड्यात?"

"आपल्याच मेंढरांचं हाय."

आबांनी इकडे-तिकडे पाहिलं. बाया काम थांबवून बघत होत्या. शेवटी फेटा काढून त्यांनी मान आत घातली. आतून अक्काचा आवाज साऱ्या शिवारात घुमला, "मुठीनं उपाटलं, मुळी तुटली!" फिल्म संपेपर्यंत आबा आतच होते. बाहेर आले तेव्हा मिशीला घोंगड्याची लोकर चिकटली होती.

"आवाज लई मोठा हाय," ते एवढंच म्हणाले. "जरा बारीक कर."

"व्हत न्हाय," खाली बघत अक्का म्हणाली. "बटन मोडलंय."

तो टीव्ही मी दिलेला होता. त्याची सगळी बटणं शाबूत होती.